इदाल्मिस प्रोफेचं फोल्डर

इदाल्मिस बेतांकूरला आमच्या कामाग्वे शहरात नावानं हाक मारणारं आता कुणी उरलेलं नाही. शेजारीपाजारी, पाववाला, रेशनच्या दुकानातली मुलगी, सगळे तिला 'प्रोफे', म्हणजे मास्तरीणबाई, म्हणतात. शाळा सोडून अकरा वर्षं झाली तरी मास्तरकी काही तिच्या अंगातून गेली नाही. रांगेत कुणी मध्ये घुसला तर ती त्याचं बखोट धरून त्याला शेवटी नेऊन उभा करते. एखादं पोरगं येऊन म्हणालं, "प्रोफे, प्रोग्रामिंग शिकायचंय, चांगलं काहीतरी सांगा," की आधी त्याचीच उलटतपासणी. "कशासाठी शिकायचंय? काम करायला की मिरवायला?" पोरगं गडबडतं. मग ती त्याच्या हातातला पेनड्राइव्ह हिसकावून घेते आणि त्यात आपलं फोल्डर भरून देते.

त्या फोल्डरनं तिला नाव दिलं, आणि त्या मार्च महिन्यात त्यानंच तिची झोप उडवली.

घरात इंटरनेट असण्याचे दिवस तेव्हा यायचे होते. जे काही होतं ते आग्रामोंते बागेतल्या बाकांवर, तासाच्या कार्डाचा नंबर नखानं खरवडून. बाकीचं जग आम्हाला दर सोमवारी पॅकेटमधून मिळायचं. राजधानी हावानाहून बसनं एक डिस्क यायची. तिच्यात आठवडाभराच्या मालिका, गाणी, सिनेमे, बेसबॉल, मोबाइलवरचे खेळ, सगळं ठासून भरलेलं. ती विल्फ्रेदोच्या घरी उतरायची आणि तिथून हातोहात, या डिस्कवरून त्या डिस्कवर, घरोघरी जायची. हा विल्फ्रेदो इदाल्मिसचा जुना विद्यार्थी. सहा वर्षांपूर्वी ती त्याच्या दारात जाऊन उभी राहिली.

"तुझ्या त्या रडक्या मालिकांमध्ये मला दोन गिगा जागा दे."

"कशाला, प्रोफे?"

"संगणकाचं काम करणारी आपली पोरं अडली की बघतात कुठं? आभाळाकडं?"

विल्फ्रेदोनं जागा दिली. नाही म्हणायची त्याची काय टाप होती!

तेव्हापासून दर गुरुवारी ती बागेत जायची. एका तासात काय उतरवायचं याची यादी आदल्या दिवशी कागदावर तयार असायची. लोकांना वाटतं, शिकायचं साहित्य शोधणं सोपं आहे, सगळं फुकट पडलेलं असतं. पडलेलं असतं हो, पण दहातलं नऊ शिळं, चोरलेलं नाहीतर अर्धवट. जे दहावं असेल ते ती घरी आणून स्वतःच्या मशीनवर चालवून बघायची. चाललं तरच फोल्डरमध्ये. फाइलीच्या माथ्यावर लिहायची, 'तपासलं. चालतं. इ. बेतांकूर', आणि खाली तारीख. मग कात्री लावायची. जाहिराती काढ, चित्रं काढ, आणि पानाच्या तळाशी लोक जी बडबड करतात, आभार, टोमणे, मीच कसा शहाणा, ती सगळी काढ. दोन गिगात जग बसवायचं तर बडबडीला जागा कुठून आणणार?

पुढं हावानावाल्यांनी तिचं फोल्डर उचललं आणि ते साऱ्या बेटावर जायला लागलं. साखर कारखान्यात, इस्पितळात, नगरपालिकेत, जिथं म्हणून कुणी एकटं बसून प्रोग्राम लिहीत होतं तिथं ते पोचलं. दोघांचा वाद झाला की एकजण म्हणायचा, "फोल्डरमध्ये आहे," आणि वाद तिथंच संपायचा. इदाल्मिसच्या कानावर हे यायचं. ती तोंडानं "चला, चला, कामं करा" म्हणायची, पण मनातून फुलून जायची. का फुलू नये?

त्या गुरुवारी ती नेहमीच्या बाकावर बसली होती. शेजारची बाई परदेशात, टॅम्पात राहणाऱ्या सुनेशी फोनवर बोलत होती, म्हणजे ओरडत होती. "बाळाचे पाय दाखव गं! पाय! तोंड कालच बघितलं!" इदाल्मिसची एक मोठी फाइल निम्म्यावर येऊन अडकली होती. नुसतं बसून काय करायचं, म्हणून तिनं गेल्या आठवड्यातलं एक पान पुन्हा उघडलं. प्रश्नोत्तरांचं पान होतं. जुना डेटाबेस नव्या पद्धतीत कसा आणायचा, त्याचं उत्तर. एकोणीसशे लोकांनी मत दिलेलं, सगळ्यात वरचं. तिनं ते आपल्या मशीनवर चालवलं होतं, लोण्यासारखं चाललं होतं. सोमवारी पॅकेटमधून ते गेलंही होतं.

फाइल हलेना म्हणून ती पान खाली सरकवत गेली. आभार. टोमणे. मीच कसा शहाणा. आणि अगदी तळाला कुणीतरी कोचाबांबाहून मोडक्यातोडक्या इंग्रजीत चार ओळी लिहिल्या होत्या. दोन मतं मिळालेल्या.

'तुमचा डेटाबेस पाचच्या आधीच्या आवृत्तीचा असेल तर हे चालवू नका. ते जुनं आधी पुसतं आणि नवं भरतच नाही. चूकही दाखवत नाही. पूर्ण झालं म्हणतं. माझं सगळं गेलं.'

तिनं ते दोनदा वाचलं. तिसऱ्यांदा वाचायला गेली तोवर कार्डाचा तास संपला आणि पान पांढरं पडलं.

मार्चच्या उन्हात ती संपलेलं कार्डच नखानं पुन्हा पुन्हा खरवडत राहिली. नाताळात परदेशी गेलेल्या बहिणीनं वालेन्सियाहून तिला नवा लॅपटॉप पाठवला होता. नव्यात नवी आवृत्ती. त्याआधी सात वर्षं ती ज्या मशीनवर तपासायची, त्याच्यावर सगळ्या देशात होती तीच जुनी आवृत्ती होती. बाहेरच्या जगात ती आता कुणी वापरत नाही, म्हणून तर तो इशारा तळाला कुजत पडला होता. आणि इथं? इथं तिच्याशिवाय नवी आवृत्ती होती कुणाकडं? तीन महिन्यांच्या लॅपटॉपनं तिला विसर पाडला होता की लोक कशावर काम करतात. आणि ज्या चार ओळींनी ते वाचले असते, त्या तिनंच बडबड म्हणून कापल्या होत्या.

"अगं, तुला काय झालं?" टॅम्पावाल्या बाईनं फोन खाली करून विचारलं. "साखर उतरली का?"

इदाल्मिस उठून उभी राहिली. तिला ओस्मेल आठवला होता.

ओस्मेल रक्तपेढीतला प्रोग्रामर. चौतिशीचा, शांत, बायकोनं शिवलेला शर्ट घालणारा. सोमवारी पावाच्या रांगेत तो हसत म्हणाला होता, "प्रोफे, गुरुवारी बारा वाजता दात्यांची यादी नव्यात आणतो. तुमच्या फोल्डरमध्ये नेमकं आलंय बघा, देवानंच पाठवलं." ती यादी म्हणजे दुर्मिळ रक्तगटाच्या माणसांची. सहाशे चौदा नावं, पत्ते, कुणाला कुठं गाठायचं त्याच्या खुणा. अकरा वर्षं जमवलेली. टेबलावर कुणाचं पोट उघडलेलं असलं आणि रक्त कमी पडलं, की या यादीतून माणूस शोधून आणायचा.

देवळाच्या घड्याळात अकराला दहा कमी होते.

तिनं ओस्मेलला फोन लावला. बंद. रक्तपेढीला लावला. व्यग्र. पुन्हा लावला. व्यग्र. तिसऱ्यांदा व्यग्र लागल्यावर तिनं एक शिवी हासडली, तीही अशी की टॅम्पावाली बाई बाळाचे पाय विसरून तिच्याकडं बघत राहिली. तोवर प्रोफे धावत सायकलरिक्षांकडं पोचली होती.

"तोमासितो, रक्तपेढी. आणि पाय मार."

"प्रोफे, एवढी घाई? नवरा पळाला की काय?"

"तो पळून नऊ वर्षं झाली, त्याच्या मागं मी कधी धावले का? चल म्हणते ना!"

तोमासितो निघाला. पण कामाग्वेच्या गल्ल्यांत सरळ असं काही नाही. वळण, मग पुन्हा वळण, मध्येच बंद बोळ. एका कोपऱ्यावर गॅसच्या टाक्यांचा ट्रक आडवा. तोमासितो उतरून ट्रकवाल्याशी भांडायला लागला, आणि भांडता भांडता त्याच्या आईची चौकशी करायला लागला. दोघं एका गावचे निघाले होते. इदाल्मिस ओरडली, "गावकीच्या गप्पा नंतर मारा रे! तिकडं माणसं मरतील!" तेव्हा कुठं ट्रक हलला.

अर्ध्या वाटेत दुकानातले पंखे एकदम थांबले. वीज गेली. आयुष्यात पहिल्यांदा वीज गेल्याचा तिला आनंद झाला. वीज नाही तर ओस्मेलचं मशीन बंद, मशीन बंद तर यादी शाबूत. ती पुटपुटायला लागली, "राहू दे बंद, आणखी थोडा वेळ राहू दे." आणि दुसऱ्याच गल्लीत कुणाच्या तरी खिडकीतून रेडिओ खणखणायला लागला. आली वीज. तिला त्या रेडिओवर दगड मारावासा वाटला.

रक्तपेढीच्या पायऱ्या ती चढली तेव्हा साडेअकरा वाजले होते. मागच्या खोलीत ओस्मेल मशीनसमोर बसला होता. सकाळी रक्त द्यायला तीनच माणसं आली, म्हणून त्यानं लवकरच कामाला सुरुवात केली होती. मध्ये वीज गेली म्हणून मशीन पुन्हा चालू करून त्यानं सगळी कमांड नव्यानं टाइप केली होती. फक्त एक बटण दाबायचं बाकी होतं.

"हात काढ!"

ओस्मेल दचकून उभाच राहिला. "काय झालं, प्रोफे?"

"ते चालवू नको. सगळी यादी जाईल."

ओस्मेलनं स्क्रीनकडं बघितलं, मग तिच्याकडं. तिचे केस विस्कटलेले, छाती वरखाली होत होती. त्यानं तिला खुर्ची दिली, पाणी दिलं, आणि अतिशय मायेनं म्हणाला, "प्रोफे, हे फोल्डरमधलं आहे."

"माहीत आहे! मीच घातलंय!"

"मग? माथ्यावर लिहिलंय बघा, तपासलं, चालतं. तुमचं नाव आहे, तारीख आहे."

"मीच सांगते ना की ते चुकीचं आहे."

"पण फोल्डरमध्ये तर..."

"अरे गाढवा, फोल्डर म्हणजे कोण? मीच ना!"

आवाज ऐकून रक्तपेढीच्या प्रमुख, डॉक्टर सेनाइदा, आत आल्या. त्यांनी दोघांचं ऐकून घेतलं आणि चष्मा काढून पुसला. "प्रोफे, हे काम आज करायचं असं वर कळवलंय. फोल्डरमधलं लेखी आहे. तुम्ही म्हणता ते कुठं लिहिलेलं आहे का?"

लिहिलेलं होतं. पण कार्ड संपलेलं, आणि पान तिनं उतरवून घेतलं नव्हतं. सहा वर्षं लोकांना सांगत आली होती की कुणाच्या तोंडी सांगण्यावर जाऊ नका, लेखी बघा, तपासलेलं बघा. आता तिच्याच तोंडावर तिचंच फोल्डर मारत होते. तिला रडूच कोसळायचं, पण रडायला वेळ नव्हता.

"बॅकअप आहे?" तिनं विचारलं.

ओस्मेलनं मान खाली घातली. "बॅकअपची डिस्क डिसेंबरात मेली. नवीसाठी अर्ज केलाय."

"शाबास! मला दुसरं एखादं मशीन दे. कसलंही. त्याच्यावर नक्कल कर आणि तिथं चालव. मी खोटी ठरले तर मी स्वतः इथं तुझं बटण दाबीन."

कोठारातून एक जुनाट मशीन काढलं. ओल्या सुतळीसारखा वास येत होता त्याला. तार जोडली आणि नक्कल सुरू झाली. अर्धा तास लागला. डॉक्टर बाई उभ्या होत्या, ओस्मेल नखं चावत होता, आणि इदाल्मिस मूळ मशीनच्या बटणांवर तळहात आडवा धरून बसली होती. कुणाचा चुकून धक्का लागला तर?

नक्कल झाली. ओस्मेलनं तिच्यावर कमांड चालवली. दहा सेकंद गेले. स्क्रीनवर आलं, 'पूर्ण झालं. चुका: शून्य.'

"बघा!" ओस्मेल हरखून म्हणाला. "उगाच घाबरलात, प्रोफे. तुमचं कधी चुकतं का?"

"यादी उघड."

त्यानं यादी उघडली. नावं: शून्य. त्यानं बंद करून पुन्हा उघडली. शून्य. मग तो हळूच भिंतीला टेकला. डॉक्टर बाई खुर्ची शोधत मागं सरकल्या आणि खुर्ची नसताना खोक्यावर बसल्या.

इदाल्मिसचा जीव भांड्यात पडला. सहाशे चौदा नावं दुसऱ्या मशीनवर तशीच होती, एकही गेलं नव्हतं. ती आता ओस्मेलला फैलावर घेणार, तेवढ्यात तोच बारीक आवाजात म्हणाला, "प्रोफे, पण हे तर सगळीकडं गेलंय ना?"

त्याच दुपारी ती विल्फ्रेदोकडं गेली. चौदा डिस्कांच्या मध्ये बसून तो भात आणि घेवडा खात होता. त्यानं सगळं ऐकलं आणि चमचा खाली ठेवला.

"परत बोलावता येणार नाही, प्रोफे. गेलं ते गेलं. कुणी कुणाकडनं कॉपी केलं याचा पत्ता देवालाही नसतो."

"मग इशारा दे. आजच."

"आज कसा देऊ? सोमवारीच जाणार. आणि हे बघा, रागावू नका. गुपचूप दुरुस्त करून टाका. जुन्या फाइलीच्या जागी नवी. कुणाला कळतंय?"

"ज्याचं पुसलं जाईल त्याला कळेल."

"त्याला वाटेल त्याचंच काहीतरी चुकलं." विल्फ्रेदो पुढं झुकला. "पण तुम्ही स्वतःच्या सहीनं लिहिलंत की प्रोफेचं चुकलं, तर हावानावाले उद्या फोल्डर काढून टाकतील. सहा वर्षांची मेहनत! पोरं जातील कुठं? त्यांचा तरी विचार करा."

खरं सांगायचं तर क्षणभर तिला ते पटलं. नुसतं पटलं नाही, तर बरं वाटलं. गप्प राहायचं आणि वर पुन्हा पोरांचं भलंही करायचं! पण लगेच तिला स्वतःची इतकी किळस आली की ती ताडकन उठली. "तू जेव," म्हणाली आणि घरी आली. लॅपटॉप उघडून तिनं फोल्डरची पहिली फाइल लिहिली. 'गेल्या आठवड्यातलं डेटाबेसचं उत्तर चालवू नका. जुन्या आवृत्तीवर ते सगळं पुसतं. इशारा मूळ पानावर होता, तो मी कापला. चूक माझी आहे, दुसऱ्या कुणाची नाही. इदाल्मिस बेतांकूर.' खाली शेजारणीच्या घरच्या फोनचा नंबर टाकला, मोबाइलवरून एवढं बोलणं परवडणारं नव्हतं.

शुक्रवार, शनिवार, रविवार ती शेजारणीच्या ओट्यावर फोनला चिकटून बसली. आठवतील तेवढे विद्यार्थी, विद्यार्थ्यांचे मित्र, त्यांचे मेहुणे. सिएगो दे आविलाच्या साखर कारखान्यात उचललं: "अजून चालवलं नाही, प्रोफे." ओल्गीनला: "पुढच्या महिन्यात करणार होतो." बायामोला एकजण हसतच सुटला: "प्रोफे, आमच्याकडं चार दिवस वीजच नाही, पुसायचं तरी कशानं!" दर 'अजून नाही'ला ती डोळे मिटून घ्यायची. मग म्हणायची, "तू अजून पाच जणांना सांग. नाही, दहा जणांना." शेजारीण रोज कॉफी आणून ठेवायची, आणि रोज ती गार व्हायची.

सोमवारी इशारा गेला. हावानावाल्यांनी फोल्डर काढलं नाही. त्यांनी ते वाचलं तरी की नाही कोण जाणे. एक आठवडा गेला. कुणाचा फोन आला नाही. दुसरा आठवडा लागला. ओस्मेल पावाच्या रांगेत म्हणाला, "वाचलो, प्रोफे, सगळेच वाचलो." आणि तिनं त्याच्यावर विश्वास ठेवला, कारण तिला ठेवायचा होता.

बुधवारी सकाळी दहाच्या सुमाराला दार वाजलं. दारात साठीचा एक माणूस. पायांना लाल माती, इस्त्री केलेला पण घामानं चुरगळलेला सदरा, आणि छातीशी टॉवेलात गुंडाळलेलं काहीतरी.

"प्रोफे इदाल्मिस?"

"मीच."

"मी एलिएसेर मातोस. बाराकोआकडनं आलो. डोंगरात आमची कोकोची सहकारी संस्था आहे." त्यानं टॉवेल उघडला. आत संगणकातून काढलेली डिस्क होती. "काल सकाळी निघालो. आधी ट्रक, मग बस. तुम्ही ह्यातलं परत काढून द्याल म्हणून आणली."

तिनं त्याला आत घेतलं. त्याला बसवलं, पण स्वतः बसायचं तिला धाडस होईना.

तो सांगत गेला, अगदी सावकाश. तो रोज सकाळी सात वाजता पाऊस मोजतो. त्र्याऐंशी सालापासून. डोंगरातले कोको लावणारे त्याला विचारून रोपं लावतात, कुठल्या उतारावर कधी पाणी येतं, कुठल्या वर्षी दगा दिला. तेहेतीस वर्षं वह्यांत लिहिलं. मग संस्थेला एक जुना संगणक मिळाला. तिचं फोल्डर बघून बघून, पन्नाशी उलटल्यावर, तो प्रोग्रामिंग शिकला. "तुमचे पहिले धडे मला पाठ आहेत, प्रोफे." चार वर्षं बसून त्यानं सगळा पाऊस संगणकात भरला.

"वह्या?" इदाल्मिसनं विचारलं. एवढाच आधार उरला होता.

"मेहुणी शेंगदाणे विकते. पुड्या बांधायला कागद नव्हता तिच्याकडं. म्हटलं, आता संगणकात आहे सगळं." तो थोडा ओशाळला. "चांगला जाड कागद होता."

"माझा इशारा नाही मिळाला तुम्हाला?"

"मिळाला की. पॅकेट आमच्याकडं तीन दिवस उशिरा येतं. गुरुवारी आला. मी रविवारी चालवलं होतं."

तिनं ओस्मेलला बोलावून घेतलं. दोघांनी तो दिवस आणि दुसरा अख्खा दिवस त्या डिस्कवर काढला. एलिएसेर स्वयंपाकघराच्या दारात स्टुलावर बसून असायचा. विचारायचा काही नाही. कीबोर्डचा आवाज थांबला की मान वर करायचा. पुसल्यानंतर त्या डिस्कवर संस्थेचं पगारपत्रक, पत्रं, फोटो, सगळं लिहिलं गेलं होतं. हाती लागले ते तुकडे: एक जून, एक अर्धा नोव्हेंबर, आणि साल नसलेले आकडेच आकडे. गुरुवारी चार वाजता ओस्मेलनं हात टेकले आणि तो बाहेर जाऊन उभा राहिला. सांगायचं तिला होतं.

ती एलिएसेरसमोर जाऊन बसली. त्याच्या डोळ्यांत बघून बोलायचं असं तिनं ठरवलं होतं, ते तिनं केलं.

"गेलं, एलिएसेर. येणार नाही परत. मी त्या चार ओळी कापल्या नसत्या तर तुमचा पाऊस आज असता. मला माफ करा असं म्हणायलाही तोंड नाही मला. तुम्ही मला काय वाटेल ते बोला."

त्यानं हातातली टोपी गुडघ्यावर ठेवली. मग त्यानं खिशात हात घालून एक पेनड्राइव्ह काढला, जुना, टोपण हरवलेला, रबरबँड लावलेला. आणि तिच्यापुढं धरला.

"ह्या आठवड्याचं आलं असेल ना? भरून द्या. मला घरी पोचायला शनिवार उजाडेल."

इदाल्मिस त्या पेनड्राइव्हकडं बघतच राहिली. "माझंच फोल्डर? अजून?"

"रागावलोय, प्रोफे. तुम्हाला काय वाटलं, नाही रागावलो?" पहिल्यांदाच त्याचा आवाज फाटला. "ट्रकमध्ये बसल्यापासून मनात शिव्या देतोय तुम्हाला. पण सोडून देऊ तुमचं फोल्डर, तर शिकू कुणाकडनं?"

तिनं पेनड्राइव्ह घेतला. तो तिच्याकडून दोनदा उलटा लावला गेला. कॉपी व्हायला वीस मिनिटं लागली, आणि तेवढा सगळा वेळ तिनं स्क्रीनवरून नजर वर केली नाही.